लग्नपत्रिकेची होडी

पंखा तीनच्या पुढे नेऊ नका, कागद उडतात, असं त्याने ऑफिसात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, आणि त्या सकाळी तो पाचवर नेला तो त्यानेच. सुट्टीचा दिवस, कारखाना बंद, तो फक्त पाना न्यायला आलेला, आणि घाम मात्र भर कामाच्या दिवसासारखा सुटलेला. भिंतीवर टाचणीला लावलेलं पांढरं कार्ड फडफडलं, सुटलं आणि टेबलाखाली गेलं. दोन वर्षं ते तिथे होतं. होडीच्या पाण्याखालच्या भागाची कडेने दिसणारी आकृती, विळ्याच्या पात्यासारखी लांबट, खाली बुटका कणा, मागे सुकाणूची शेपटी. त्याने गुडघे टेकून ते उचललं, फुंकर मारली आणि कुणी मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा अंगठा पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे फिरवला. पुढे गुळगुळीत, मध्ये गुळगुळीत, आणि शेपटीशी काहीतरी खरखरीत. त्याने कार्ड उलटं केलं. भिंतीकडे तोंड करून दोन वर्षं लपून बसलेल्या बाजूवर, अगदी मागच्या टोकाला, जाड सोनेरी उठावाची अक्षरं होती. ‘अगत्य ये’ एवढंच. पुढचं कात्रीने नेलेलं. त्याच्या पोटात धस्स झालं. कारण ही अक्षरं नुसती सोनेरी नव्हती, ती जड होती.

आता हे धस्स होणं ज्याला कळायचं त्याला आधी त्याची तऱ्हा कळली पाहिजे. कारखाना फायबरच्या वस्तूंचा. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, आणि मुख्य म्हणजे बाथटब. त्यांची चित्रं काढणारा हा एकटा, म्हणून बाजारात त्याचं नाव पडलं टबवाले. मालक त्याला तोंडावर टबवाले म्हणत आणि त्यालाही त्याची इतकी सवय झाली होती की बँकेत स्वतःच्या नावाने पुकारा झाला तर तो मागे वळून पाहायचा. पण मनात तो कधीच टबवाला नव्हता. मनात त्याची एक होडी होती. लहान, शिडाची, किनाऱ्याकिनाऱ्याने चार दिवस फिरून यावं अशी. टबात पाणी आत असतं आणि माणूस बाहेर असला तर काही बिघडत नाही. होडीत याच्या बरोबर उलटं, एवढाच काय तो फरक, असं तो मालकाला वर्षानुवर्षं पटवत होता. शेवटी घसरगुंड्यांचा धंदा बसला आणि मालक म्हणाले, “काढा एकदाची तुमची होडी. पण एकच साचा. गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर साचा फोडून तिथे परत टब.” त्यावर तो हो म्हणाला. आयुष्यात तो बहुतेक गोष्टींना हो म्हणालेला होता, पण हा हो त्याने घरी जाऊन आरशासमोर पुन्हा म्हणून पाहिला.

शिडाच्या होडीत सगळी गंमत दोन बिंदूंची. वारा शिडाला ढकलतो तो सगळा जोर जणू एका बिंदूत येतो. पाणी खालून होडीला आडवं सरकू देत नाही, तो विरोध दुसऱ्या बिंदूत. शिडाचा बिंदू मागे पडला तर होडी वाऱ्याकडे तोंड वळवायला बघते, पुढे गेला तर पाठ फिरवून पळायला बघते. मग सुकाणूचा दांडा धरणाऱ्याला सारखी तिच्याशी ओढाताण करावी लागते. हा पाण्याचा बिंदू शोधायची जुनी रीत अशी, की होडीचा पाण्याखालचा आकार जाड कार्डावर कापायचा आणि पेन्सिलीच्या टोकावर तोलून पाहायचा. जिथे तोल साधेल तिथे बिंदू. आता हे कॉम्प्युटर चुटकीसरशी सांगतो, आणि त्यालाही त्याने ते सांगितलं होतं. पण कॉम्प्युटरने दाखवलेला बिंदू आणि कार्डावर सापडलेला बिंदू यांत नखाएवढं अंतर पडलं, तेव्हा त्याने कार्डाची बाजू घेतली. “यंत्राला बोटं नसतात,” असं तो तेव्हा मोठ्यांदा म्हणालासुद्धा होता. यंत्राला बोटं नव्हती हे खरं, पण यंत्राला मेहुणीही नव्हती. कार्ड होतं मेहुणीच्या लग्नपत्रिकेचं आणि शेपटीकडच्या टोकावर होता आमंत्रणाचा सोनेरी उठाव. शेपूट जड झाली, तोल मागे सरकला, त्या मागे सरकलेल्या बिंदूवरून त्याने शिडाची डोलकाठी मागे नेली, आणि त्या डोलकाठीसकट होडी आज धक्क्याला उभी होती. त्याने कोऱ्या कार्डावर तोच आकार कापला. घाईत सुकाणू जरा तोकडं निघालं. पेन्सिलीवर तोललं. बिंदू पुढे, नखाएवढा, कॉम्प्युटरने म्हटलं होतं तिथेच. कार्डावर नखाएवढं म्हणजे होडीवर चांगली वीतभर. आणि बाहेर हॉर्न वाजला. एकदा लांब, दोनदा आखूड. बायको.

बायकोचा हॉर्न तो गर्दीतूनही ओळखायचा. ती गाडी चालवायला शिकवते. अर्ध्या शहराला तिने शिकवलंय आणि उरलेलं अर्धं शहर तिच्या हाताखालून गेलेलं नाही हे चौकात लगेच दिसतं, असं तिचं म्हणणं. तिची गाडी शिकवायची, म्हणजे तिला ब्रेक दोन: एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी बसणाऱ्याच्या. घरात दुसरी गाडी नाही. त्यामुळे लग्नानंतर तो जेव्हा जेव्हा गाडी चालवत आला तेव्हा तेव्हा शेजारच्या ब्रेकवर बायकोचा पाय होता. ती काही मुद्दाम दाबत नसे. बोलता बोलता, भाजीचं सांगता सांगता, पिवळा दिवा दिसला की पाय आपोआप जायचा. सिनेमागृहात नायकाची गाडी वळणावर आली की पुढच्या खुर्चीला लाथ बसायची. तो तक्रार करत नसे. तिच्यामुळे त्यांचे एक-दोन अपघात टळले होते हे तो मान्य करी. पण वीस-बावीस वर्षं ज्याच्या आधी दुसऱ्याने ब्रेक दाबलाय त्या माणसाला एक दिवस असं वाटू लागतं, की आपल्या हातात एखादी अशी वस्तू असावी जी आपण वळवू तिकडे वळेल, सोडू तशी राहील, मध्येच कुणाचं मत घेणार नाही. पुस्तकांत लिहिलेलं असतं की होडीला वाऱ्याकडे वळायची थोडी ओढ असावीच, ते बरं असतं. त्याने ते वाचलं आणि ओढ ठेवायची नाही असं ठरवलं. जराही नाही. दांडा सोडला तरी होडी नाकासमोर जात राहील. या होडीत ब्रेक नसेल, आणि शेजारचा ब्रेक तर नसेलच. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. हे सांगण्यासारखं नव्हतंच.

“पाना आणायला गेला होता की घडवायला?” ती शेजारच्या सीटवर सरकत म्हणाली. त्याने कार्ड शर्टाच्या आत, बनियनला लागून सरकवलं होतं. गाडी सुरू केली. सोनेरी अक्षरं छातीला टोचत होती. रस्ते मोकळे होते, दुकानांची शटरं खाली होती, एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन रस्ता ओलांडायला निघाला होता आणि बायकोने त्याच्यासाठी ब्रेक दाबला तेव्हा तो माणूस अजून फुटपाथवरच होता.

“होडी चुकलीय,” तो म्हणाला.

“कुठे?”

“मागे.”

“मग मागून दुरुस्त करा.”

“आज नाही होणार. आज हॉटेलवाल्या बाई येतायत. त्यांना पसंत पडली तर त्यांच्या पाहुण्यांसाठी सहा घेतील. नाही पडली तर मालक उद्या साचा फोडतील. मग परत काही होडी नाही.”

“कशाने चुकली?” तिने विचारलं, आणि तो म्हणाला, “वजनाने.” खोटं नव्हतं. पण मेहुणीच्या पत्रिकेचं वजन म्हटलं असतं तर धक्का येईपर्यंत दुसरा विषय निघाला नसता.

कारण पत्रिकेचा विषय त्यांच्या घरात कधी शिळा झालाच नव्हता. पत्रिका आली तेव्हा अख्ख्या घराण्यात तसली पत्रिका कुणी पाहिली नव्हती: पाटीएवढी मोठी, पुठ्ठ्यासारखी जाड, साबणासारखी गुळगुळीत. बायको म्हणाली, “धाकटीने हात सैल सोडलाय.” त्याला ती पत्रिका दिसतच नव्हती, त्याला कार्ड दिसत होतं. सुट्टीचा दिवस, दुकानं बंद, होडी डोक्यात. त्याने कापली. उरलेल्या तुकड्यांत पत्ता होता, पण हॉल आपल्याला माहीतच आहे असं वाटून ते केरात गेले. हॉल माहीत होता. त्याच हॉलमालकाचा, त्याच रंगाचा, समोरासमोर दुसरा हॉल आहे हे मात्र माहीत नव्हतं. पोचायला उशीर झालेला, आत गर्दी, नवरानवरी लांब स्टेजवर. “धाकटी जरा ठेंगणी वाटतेय,” तो म्हणाला होता, आणि बायको म्हणाली होती, “दमली असेल.” दाराशी बसलेल्या माणसाकडे आहेराचं भिंतीवरचं घड्याळ दिलं, पोटभर जेवले, एका अनोळखी म्हातारबांनी आग्रहाने दुसऱ्यांदा आइस्क्रीम वाढलं ते खाल्लं, आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी मेहुणीचा फोन. “ताई, आली नाहीस?” “आले होते की! जेवलेसुद्धा.” “काय जेवलीस?” बायकोने पदार्थ सांगायला सुरुवात केली आणि आइस्क्रीमवर पलीकडून आवाज गार पडला. “आमच्याकडे आइस्क्रीम नव्हतं.” त्या दिवसापासून दोघी बहिणी बोलत नव्हत्या. धाकटीचं म्हणणं, आली नाहीस ते नाही, वर खोटं बोललीस. ते घड्याळ कुठल्या तरी अनोळखी संसारात टिकटिकत होतं, आणि इथे दर पिवळ्या दिव्याला बायको म्हणायची, “एक पत्रिका सांभाळता आली नाही.” आज म्हणाली नाही. आज तिने पिवळ्या दिव्याला नुसता ब्रेक दाबला, आणि ते त्याला जास्त लागलं.

धक्क्यावर पोचल्यावर त्याचा बेत साधा होता. डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार सैल करायची, पुढची आवळायची, काठी जरा पुढे कलवायची. त्याने वीतभराची चूक सगळी भरून येणार नव्हती, पण ओढ थोडी कमी झाली असती, आणि नवख्या माणसाला काय कळतंय. पण मालक आणि हॉटेलवाल्या बाई आधीच येऊन होडीत बसल्या होत्या. पाना खिशात राहिला आणि चालताना मांडीवर आपटत राहिला.

होडी मात्र दिसत होती देखणी, आणि हे त्याला अशा वेळीही वाटल्याशिवाय राहिलं नाही. पांढरी, बुटकी, पुढे जरा नाक वर केलेली. बाई आतल्या खोलीत वाकून प्रत्येक झाकण उघडत होत्या. जाड भिंगांचा चष्मा, हातात पर्स, पायात सपाट बूट, आणि प्रश्न विचारायची अशी पद्धत की उत्तर देणाऱ्याने आपसूक पोट आत घ्यावं. “इथे उभं राहता येत नाही.”

“नाही,” तो म्हणाला. “छप्पर उंच केलं की वारा धरतं, आणि वजन वर जातं. होडी मग झोकांड्या खाते. आत सगळं बसून करायचं.”

“माझे पाहुणे नाहीतरी बसायलाच येतात. हे काय?”

“संडास.”

“पलंगाखाली?”

“झाकण लावलं की पलंग,” मालक म्हणाले. “आमचे टबवाले जागा वाया घालवत नाहीत.”

तळाला एक कणा नाही, दोन आहेत, बुटके, दोन्ही अंगांना, हे त्याने दाखवलं. त्यामुळे उथळ खाडीत जाता येतं, आणि ओहोटीने पाणी गेलं तर होडी आडवी न पडता वाळूवर दोन पायांवर उभी राहते. बाईंना हे आवडलं. पाणी येईपर्यंत पाहुण्यांनी आत बसून पत्ते खेळावेत असं त्या म्हणाल्या. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “आणि पाहुणा घाबरला तर? त्याला काही येत नसतं हो. मी त्याला एक सकाळ शिकवणार आणि सोडणार. मध्येच गोंधळला, हातपाय गळाले, तर?”

खरं उत्तर त्याच्या मूळ चित्राप्रमाणे असं होतं, की होडी नाकासमोर जात राहील, पाहुणा हातपाय गाळून बसला तरी जात राहील, पाहुणा पाण्यात पडला तरी त्याच्यावाचून छान जात राहील. आजवर त्याला यात सौंदर्य दिसत होतं. बाईंच्या तोंडून ऐकताना ते जरा भयानक वाटलं. “बघू,” तो म्हणाला.

शीड चढलं, होडी धक्क्यापासून सुटली, आणि पहिल्या क्षणापासून दांडा त्याच्या हातातून निसटायला बघू लागला. चोरटा, हळू, पण सारखा. दुकानात मूल हात धरून खेळण्यांकडे ओढत राहतं तसा. त्याने दांडा स्वतःकडे खेचून धरला, होडी सरळ चालली, आणि कुणाला काही दिसू नये म्हणून त्याने चेहऱ्यावर हसू ठेवलं. वारा वाढला तशी ओढ वाढली. खांदा भरून आला. अंगठ्याला अजून ती खरखर जाणवत होती, जणू दांड्यावरही कुणी सोनेरी अक्षरं कोरली होती. त्याला वाटलं, हे पाणी ओढत नाहीये, हे सासरचं घराणं ओढतंय. दोन वर्षं रात्रंदिवस बसून आपण आयुष्यातली पहिली अशी वस्तू केली जिच्यात कुणाचं मत नाही, आणि तिच्या पोटात जन्माआधीच बायकोच्या बहिणीने शिरकाव केला. याला नशीब म्हणायचं की काय म्हणायचं? समोर बसलेली बायको त्याच्या हाताकडे बघत होती. तिला स्टिअरिंगवरच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांचा अर्थ कळतो. त्याच्यावर तिची रोजीरोटी आहे.

“ब्रेक कुठाय याला?” तिने हळूच विचारलं.

“नसतो.”

“नसतो?” तिने असं विचारलं की जणू लग्नाआधी ही गोष्ट तिच्यापासून लपवून ठेवली होती.

मालकांना आता राहवेना. “द्या इकडे, मी दाखवतो बाईंना, किती सोपं आहे ते.” त्याला नको म्हणता आलं असतं. पण सवय. दांडा मालकांच्या हाती गेला. मालकांनी एक पाय पुढे, एक मागे, अशी फोटोतल्यासारखी बैठक घेतली. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही हात लावले. आणखी थोड्या वेळाने दोन्ही हात आणि छाती. “जरा… जोरदार आहे,” ते दातांतून म्हणाले. “दमदार होडी आहे.” नेमकी तेव्हाच टेकडीच्या आडून वाऱ्याची झुळूक आली. झुळूक कसली, झापडच. होडी एका अंगावर कलली, कडेवरून पाणी आत डोकावलं, आतल्या खोलीत सगळी झाकणं एकदम वाजली, बाईंची पर्स घसरत खालच्या अंगाला गेली. मालक ओरडले. काय ओरडले ते शब्दांत येण्यासारखं नव्हतं. दांड्याला लोंबकळून ते होडीला तशीच कललेली धरून होते, आणि जितकी ती कलत होती तितकं जास्त घट्ट धरत होते. त्याला काय करायचं ते माहीत होतं. तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांपुढे साचा फुटताना दिसला, हातोड्याखाली, पांढरे तुकडे.

“सोड!” बायको कडाडली. “हात सोड! दोन्ही हात वर!”

ज्या आवाजापुढे अर्ध्या शहराने भर चौकात स्टिअरिंग सोडलं होतं तो हा आवाज. मालकांनी, ज्यांना कारखान्यात कुणी अरेतुरे केलं नव्हतं, दोन्ही हात डोक्यावर केले. आणि त्याच क्षणी बायकोचा उजवा पाय समोरच्या फळीवर असा बसला की फळीवर पावलाचा ओला ठसा उमटला. होडीने मान वळवली. सावकाश, जरा रुसल्यासारखी, नाक वाऱ्याकडे केलं. कडेवरचं पाणी खाली गेलं, डोलकाठी सरळ झाली, शीड सैल पडून फडफडू लागलं. होडी थांबली. नुसती उभी राहिली, जागच्या जागी डुलत. बायको आपल्या पायाकडे बघत होती.

“लागला,” ती म्हणाली. “ब्रेक लागला.”

हॉटेलवाल्या बाईंनी पर्स उचलली, झटकली, चष्मा नीट केला. “पुन्हा,” त्या म्हणाल्या.

पुन्हा केलं. शीड ताणून वेग घेतला, दांडा सोडला, होडी वळली आणि थांबली. मग बाईंनी स्वतः दांडा धरला आणि स्वतः सोडला. मग डोळे मिटून सोडला. मग ‘अगं बाई, मी पडले’ असं म्हणून सोडला. दर वेळी होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि दर वेळी बायकोचा पाय फळीवर गेला, हे बाईंच्या लक्षात आलं असावं, पण त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी त्यांनी त्याच्याकडे वळून विचारलं, “हे तुम्ही मुद्दाम ठेवलंय?”

“अर्थात!” मालक म्हणाले. हात अजून पुरते खाली आले नव्हते. “सुरक्षितता. आमचं पहिल्यापासून तेच धोरण.”

सगळे त्याच्याकडे बघत होते. एक हो म्हणायचा होता. त्याच्या आयुष्यात इतके हो होऊन गेले होते की त्यात आणखी एकाची कुणाला अडचण झाली नसती. साचा वाचला असता, सहा होड्या झाल्या असत्या, आणि त्याच्या हुशारीचा बोलबाला झाला असता. पण या होडीबद्दल तो एकदाही खोटं बोलला नव्हता, आणि ती इथे, त्याच्या पायाखाली, इतक्या विश्वासाने डुलत होती.

“नाही,” तो म्हणाला. “चुकलंय ते.”

मालकांनी डोळे मिटले. त्याने शर्टातून कार्ड काढलं, घामाने ओलं झालेलं, आणि सांगायला लागला: पेन्सिल, तोल, कॉम्प्युटर, नख, वीत. एकदा सांगायला लागल्यावर थांबेना. सोनेरी टोक बाईंच्या बोटाला लावून दाखवलं. हॉल, घड्याळ आणि आइस्क्रीमसुद्धा सांगून टाकलं, कारण ते मधून वगळलं तर हिशेब लागत नव्हता. “डोलकाठी वीतभर पुढे घेतली की झालं,” तो म्हणाला. “साचा तोच राहील. मग ही अजिबात ओढणार नाही. सोडाल तशी सरळ जाईल. मला दुरुस्त करून द्यायचीय.” बायकोने त्याच्या हातातून कार्ड घेतलं आणि ती अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिली.

बाई बराच वेळ हसत नव्हत्या. मग हसल्या, इतक्या की चष्मा परत पुसावा लागला. “मला सहा हव्यात,” त्या मालकांना म्हणाल्या. “पण यांना सांगून ठेवा. डोलकाठीला हात लावला तर एकही नको. अशीच चुकलेली पाहिजे.”

मालकांनी डोळे उघडले आणि एका दमात धोरण बदललं. “नाही लावणार. टबवाले, नाही ना लावणार?”

होड्या होणार होत्या. जे त्याने आयुष्यभर मागितलं ते मिळालं होतं, आणि जे त्याने काढलं होतं ते कधीच होणार नव्हतं. ती दुसरी होडी, सरळ जाणारी, कुणाचं मत न घेणारी, आता फक्त कोऱ्या कार्डावर उरली, तोकड्या सुकाणूची. त्याला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. परतताना दांडा त्याने घेतला. तीच ओढ, तशीच चिवट. पण आता त्याने झगडा सोडला, बोटं सैल ठेवली, जेवढी ती ओढेल तेवढंच धरून ठेवलं, आणि त्याच्या लक्षात आलं की वारा किती आहे हे बघायला मान वर करावी लागत नाही, हाताला कळतं. पुस्तकांत हेही लिहिलेलं होतं. ते पान त्याने रागाच्या भरात उलटलं होतं. राग आत्ताही यायला हवा होता, पण शोधून सापडला नाही.

घरी निघताना बायको शेजारच्या सीटवर बसली आणि तिने कार्ड मांडीवर ठेवलं. “मी म्हणते ते खरं करता तुम्ही,” ती म्हणाली. “एक पत्रिका सांभाळता आली नाही. आणि सांभाळलीत ती अशी.” त्यात शिवी किती आणि कौतुक किती हे त्याला वेगळं करता आलं नाही, आणि त्याने तो प्रयत्नही केला नाही. मग तिने फोन काढला, नंबर लावला. फोनचा आवाज तिने मोठा केला होता, गाडीत शिकाऊ लोक असतात म्हणून तशी तिला सवय.

“अगं, ताई बोलतेय. तुझी पत्रिका सापडली.”

तिने मांडीवरचं कार्ड उलटं केलं.

“सगळी नाही, तुकडा. त्याच्यावर यांनी होडी काढलीय. खरी, पाण्यावर चालणारी. तुझ्या सोन्याच्या अक्षरांनी ती चुकली आणि त्या चुकीनेच आज आम्ही सगळे वाचलो. आता तसल्या सहा होणार आहेत. खोटं नाही सांगत गं. ‘अगत्य ये’ एवढंच राहिलंय त्याच्यावर, पुढचं यांनी कापलं.” तिने कार्डाचं घामाने वाकलेलं टोक सरळ केलं. “तेव्हा आम्ही खरंच आलो होतो गं. फक्त तुझ्याकडे नाही आलो.”

पुढे चौक होता आणि दिवा पिवळा झाला. तो शेजारच्या ब्रेकची वाट बघत राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की तिचे दोन्ही पाय सीटवर वर घेतलेले आहेत. त्याने आपणच ब्रेक दाबला. गाडी जरा जास्तच जोरात थांबली.

फोनवर कुणीतरी नाक ओढलं. मग मेहुणीचा आवाज आला, दोन वर्षांपूर्वी होता तसाच, धारदार.

“घरीच आहे मी. येताय तर या आत्ता,” ती म्हणाली. “पत्ता आहे ना, की तोही कापलाय भावोजींनी?”